सिव्हिल इंजिनिअर कचऱ्याच्या डोंगरावर काय करतो?

मुलुंड पूर्वेला हरिओम नगरजवळ कचऱ्याचा डोंगर आहे. १९६७ पासून २०१८ पर्यंत, म्हणजे तब्बल अर्धशतक, मुंबईचा कचरा तिथे पडत राहिला. २४ हेक्टर जागा आणि तिच्यावर साधारण ७० लाख टन जुना कचरा. २०१८ मध्ये डम्पिंग बंद झालं आणि तो डोंगर हटवायचं काम सुरू झालं. पोकलेन, डंपर, धूळ, आंबूस वास, डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या घारी, आणि या सगळ्यात तिपाईवर टोटल स्टेशन, म्हणजे अंतर आणि कोन मोजणारं सर्वेक्षणाचं यंत्र, लावून कोणीतरी उंची मोजत उभं असतं. ते माणूस सिव्हिल इंजिनिअर असतं. कॉलेजात त्याला कॉलम, गर्डर आणि रस्त्याचे थर शिकवलेले असतात. इथे काम उलट्या दिशेचं आहे. पन्नास वर्षांत जे वर चढलं ते खाली उतरवायचं, आणि किती उतरलं ते सरकारी कागदावर उतरवायचं.

शेवटच्या वर्षाची मुलं मला हमखास विचारतात, "पर्यावरणात करिअर करायचं तर सिव्हिल सोडावं लागेल का?" अजिबात नाही. सांडपाणी, घनकचरा, नाले, डम्पिंग ग्राउंड ही सरकारी सफाईची खाती पहिल्यापासून सिव्हिलवाल्यांच्या खांद्यावर उभी आहेत. मात्र बांधकाम करणारा इंजिनिअर आणि सफाईची जबाबदारी घेणारा अधिकारी यांच्यात बरंच अंतर आहे. ते नेमकं कशाचं, हे इथे समजावून सांगायचा प्रयत्न करतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: हे अंतर यंत्रांचं नाही, मोजणीचं आहे. कोर्टात आणि लोकांसमोर टिकेल अशी मोजणी ज्याला जमते, त्याच्या हातूनच शहर स्वच्छ होतं.

मुंबईत ही वाट जुनी आहे. १८५२ मध्ये हेन्री कॉनिबिअर या इंजिनिअरने शहराच्या घाणीवर आणि सांडपाण्यावर अहवाल लिहिला. विहार तलावाची योजनाही त्याचीच. शहराला नळाचं पाणी मिळायला लागलं ते विहारपासून. याच विहारचं आणि पवईचं ओसंडून येणारं पाणी पुढे मिठी नदी म्हणून वाहतं. म्हणजे एका सिव्हिल इंजिनिअरने बांधलेल्या तलावाखालची नदी साफ करणं हे आज दुसऱ्या सिव्हिल इंजिनिअरचं काम आहे. त्या काळापासून या शाखेला पब्लिक हेल्थ इंजिनिअरिंग म्हणत. नागपूरची नीरी ही संस्था १९५८ मध्ये सुरू झाली तीही सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था म्हणून. पर्यावरण हा शब्द तिच्या नावात १९७४ मध्ये आला. नाव बदललं, तरी पाइपाचा उतार, पंपाची ताकद आणि टाकीत पाणी किती वेळ थांबतं याचा हिशेब तोच राहिला.

आता सरकारी नोकरीत शिरायचे दरवाजे. मुंबईत मुख्य दोन आहेत, आणि त्यांत फरक मोठा आहे. पहिला महापालिकेचा. डिप्लोमावाले कनिष्ठ अभियंता म्हणून, पदवीवाले दुय्यम अभियंता म्हणून लागतात. पुढे सहाय्यक अभियंता, कार्यकारी अभियंता, उपप्रमुख अभियंता आणि प्रमुख अभियंता अशी शिडी आहे. नेमणूक रस्ते विभागात होईल, इमारतीत होईल, नाहीतर घनकचरा, मलनिःसारण किंवा पर्जन्य जलवाहिन्यांमध्ये. बऱ्याच जणांना या शेवटच्या तीन खात्यांमधली बदली शिक्षा वाटते. मला ती या शहरातली सगळ्यात शिकवणारी पोस्टिंग वाटते, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यातलं बहुतेक तिथेच शिकायला मिळतं.

दुसरा दरवाजा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. मुख्यालय सायनला, मध्यवर्ती प्रयोगशाळा महापेला. देशाचा पाणी प्रदूषणाचा कायदा १९७४ चा, पण महाराष्ट्राने स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला होता आणि १९७० मध्ये मंडळ उभं राहिलं. इथे क्षेत्र अधिकारी, उप-प्रादेशिक अधिकारी, प्रादेशिक अधिकारी अशी पदं आहेत. हा माणूस स्वतः सफाई करत नाही. कारखान्याला, हॉटेलला, हॉस्पिटलला, मोठ्या बांधकामाला संमतिपत्र देणं, तपासणी करणं, नमुने घेणं आणि गरज पडली तर बंदचा आदेश काढायची शिफारस करणं हे त्याचं काम. मंडळ महापालिकेलाही नोटीस काढू शकतं. त्यामुळे एकाच वर्गात शिकलेले दोघं पंधरा वर्षांनी टेबलाच्या दोन बाजूंना बसलेले दिसतात. एकजण सांडपाणी केंद्र चालवतो, दुसरा त्या केंद्रातून बाहेर पडणारं पाणी तपासतो.

मधल्या काळात शिक्षण वाढवलं तर चांगलंच. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन व्हीजेटीआय किंवा आयआयटी मुंबईत पर्यावरण अभियांत्रिकीचं एमटेक करता येतं. सिव्हिलच्या माणसाला तिथे रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र जड जातं. तेवढी मेहनत करावी लागते, तिला आडवाट नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. बांधकामात काम झालं की नाही हे डोळ्यांना दिसतं. स्लॅब पडला, प्लास्टर झालं, रंग लागला. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे साइटवरच्या भाषेत एमबीत, नोंद झाली की बिल निघतं. सफाईत डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. मुलुंडचंच उदाहरण घ्या. २४ हेक्टर म्हणजे २ लाख ४० हजार चौरस मीटर. एवढ्या जागेवर उंचीच्या सर्वेक्षणात सरासरी फक्त दहा सेंटिमीटर इकडचं तिकडं झालं, तर २४,००० घनमीटर कचऱ्याचा फरक पडतो. एक घनमीटर म्हणजे ढोबळमानाने एक टन धरला आणि डंपर वीस टनांचा धरला, तर या दहा सेंटिमीटरमध्ये बाराशे फेऱ्या लपतात. कचऱ्याचा पृष्ठभाग काही फरशीसारखा सपाट नसतो. पाय ठेवला तर दबतो, पावसात खचतो, आतला जैविक भाग कुजून गेला की आपोआप बसतो. म्हणजे एक फावडंही न उचलता डोंगराची उंची थोडी कमी होऊ शकते. म्हणून काम सुरू करायच्या आधी ड्रोनने किंवा टोटल स्टेशनने पूर्ण जागेचा नकाशा करायचा, ठरावीक काळाने तोच नकाशा पुन्हा करायचा, आणि वजनकाट्याच्या पावत्या त्याच्याशी ताडून पाहायच्या. आकारमान आणि वजन यांचा मेळ बसला नाही, तर बिलावर सही करायची नाही.

वजनाचीही स्वतःची अडचण आहे. जुलैतला कचरा पाणी पिऊन बसलेला असतो. तोच कचरा मार्चमध्ये हलका असतो. पैसे टनावर मिळत असतील तर पालिका पाण्याचेही पैसे देते. नाल्यातल्या गाळाचं तर याहून अवघड. पोकलेनने काढलेला गाळ काठावर टाकून पाणी निथळू द्यायचं, मग उचलायचा. तो किती निथळला, कुठल्या गाडीत भरला, कुठे नेऊन टाकला, हे सगळं पुराव्यानिशी हवं. नालेसफाईच्या हिशेबांवर मुंबईत वर्षानुवर्षं वाद होत आले आहेत. पालिका आता ठेकेदारांकडून व्हिडिओ घेते आणि २०२५ मध्ये ते व्हिडिओ तपासायला एआयची मदत घ्यायला लागली. चांगली गोष्ट आहे. तरी गाळ काढायच्या आधीची नाल्याच्या तळाची पातळी आणि नंतरची पातळी लेव्हल हे यंत्र लावून मोजणारा प्रामाणिक कनिष्ठ अभियंता मला त्या व्हिडिओपेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

देवनारचा आकडा बघा. १९२७ पासून तिथे कचरा पडतोय. २०२५ मध्ये पालिकेने तिथला सुमारे १८५ लाख टन जुना कचरा तीन वर्षांत हटवायचं काम दिलं. गणित करून पाहू. पावसाळ्यासकट वर्षाचे सगळे दिवस धरले तरी रोज जवळपास १७,००० टन उपसावे लागतात. चार महिने पावसाचे सोडले तर रोज २५,००० टनांच्या वर. सगळी मुंबई मिळून दिवसाला साडेसहा ते सात हजार टन कचरा करते. म्हणजे शहर रोज जितकं टाकतं त्याच्या अडीचपट ते जवळपास चौपट तिथून उचलायचं. हे गणित कागदाच्या मागच्या बाजूला दोन मिनिटांत करता आलं पाहिजे, मगच ठेकेदाराने दाखवलेल्या वेळापत्रकावर प्रश्न विचारता येतो.

उपसलेल्या कचऱ्याचं काय होतं, हे थोडं समजावून सांगतो, कारण बायोमायनिंग हा शब्द पेपरात खूप येतो. आधी डोंगर कापून कचऱ्याचे लांबट ढीग लावतात, जीवाणूंचं कल्चर फवारतात, ढीग पुन्हा पुन्हा उलटतात. आत हवा जाते, उरलेलं कुजतं, ओल कमी होते, वास उतरतो. मग तो कचरा ट्रॉमेलमधून जातो. ट्रॉमेल म्हणजे फिरती भलीमोठी चाळण, घरात रवा-कणीक चाळतो तशीच, फक्त पिंपासारखी आडवी. बारीक भाग खाली पडतो, तो मातीसारखा दिसतो आणि बहुतेक जुन्या डम्पिंगवर सगळ्यात मोठा वाटा त्याचाच असतो. प्लास्टिक, कापड, रबर असा जळाऊ भाग वेगळा निघतो, तो सिमेंटच्या भट्ट्यांना इंधन म्हणून जातो. दगड, विटा, काँक्रीट भरावाला. धातू आणि काच भंगारात.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात अडतं ते बाहेर नेण्यावर. सिमेंटच्या भट्ट्या मुंबईत नाहीत. जळाऊ कचरा शेकडो किलोमीटर न्यायचा तर वाहतूक खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. बारीक मातीचं दुखणं वेगळं. दिसायला खतासारखी, पण पन्नास वर्षं तिच्यात बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगाचे डबे मिसळलेले आहेत. शिसं, क्रोमियम असे जड धातू तपासल्याशिवाय ती शेतात टाकायची नाही, आणि खोल खड्डा भरायला वापरायची तर तिथलं भूजल आधी बघायचं. हा निर्णय घेणारा अधिकारी प्रयोगशाळेचा अहवाल वाचू शकला पाहिजे. नाहीतर एका जागेचं प्रदूषण डंपरमध्ये घालून दुसऱ्या जागी पोचवल्याचं पाप लागतं.

सिव्हिलचं ज्ञान इथे पावलोपावली लागतं, हेही सांगायला हवं. कचऱ्याचा उतार किती अंशांत कापला तर तो ढासळणार नाही, हे मृदा यांत्रिकीच सांगते. कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी, ज्याला लिचेट म्हणतात, ते जमिनीत जाऊ नये म्हणून नवीन भरावभूमीच्या तळाला काय हवं ते २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं: ९० सेंटिमीटर चिकणमाती आणि तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचं एचडीपीईचं, म्हणजे दणकट प्लास्टिकचं, अस्तर. त्या मातीतून पाणी सेकंदाला एक सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागापेक्षा जास्त वेगाने जाता कामा नये. देवनार, मुलुंड, गोराई इथे कचरा टाकायला सुरुवात झाली तेव्हा असं काही घातलेलं नव्हतं. देवनारला लागून ठाण्याची खाडी आहे, जिथे फ्लेमिंगो येतात आणि २०२२ पासून जिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा आहे. लिचेट कुठल्या दिशेने जातं हे कळायला बोअर मारून भूजलाची पातळी घ्यावी लागते. तेही सिव्हिलचंच काम.

आणि वायू. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांमध्ये आलं की ठिणगी पुरते. जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटलं, धूर दिवसेंदिवस राहिला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. गोवंडी-मानखुर्दच्या लोकांनी ते दिवस कसे काढले हे तिथल्या आयांना विचारावं. साइटवर वायू मोजायचं यंत्र न घेता जाणारा इंजिनिअर स्वतःचा आणि मजुरांचा जीव धोक्यात घालतो. गटाराच्या मॅनहोलचंही तेच. माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि जो अधिकारी "लवकर उरका" म्हणून तिकडे कानाडोळा करतो त्याच्या हातून गुन्हा घडतो. यात मी मऊ बोलणार नाही.

आता पाण्याकडे वळू. इथे अधिकाऱ्याच्या कामाचा कायद्याशी जो सांधा आहे, तो एका बाटलीतून दाखवता येतो.

पाण्यात सेंद्रिय घाण किती हे बीओडीवरून कळतं. घाण कुजवताना जीवाणू पाण्यातला प्राणवायू खातात. किती खाल्ला, ते मोजायचं. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली, घासून बसणारं बूच, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. आपल्याकडे ती २७ अंश तापमानाला तीन दिवस अंधारात ठेवतात. आधीचा आणि नंतरचा प्राणवायू मोजून फरक काढतात. प्राणवायू मोजताना बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइडचं द्रावण घालतात. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो. नसेल तर साका पांढरा. सांडपाण्याने भरलेल्या नाल्याचा नमुना घेतला आणि साका पांढराफटक बसला, की तिथे मासा जगणं शक्य नाही हे कुठलंही यंत्र न लावता समजतं. ज्याने हे एकदा स्वतःच्या हाताने केलंय, त्याला अहवालातला आकडा नुसता आकडा वाटत नाही.

पण मंडळाच्या अधिकाऱ्याला एवढ्यावर भागत नाही. १९७४ च्या कायद्याचं कलम २१ सांगतं की कायदेशीर नमुना घेताना आधी जागेच्या मालकाला किंवा चालकाला तशी नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्या सीलबंद करायच्या आणि त्यांवर दोघांच्या सह्या घ्यायच्या. एक बाटली मंडळाच्या प्रयोगशाळेत जाते. दुसरी, चालकाने मागणी केली तर, कायद्याने ठरवलेल्या वेगळ्या प्रयोगशाळेत. ही पद्धत पाळली नाही तर अहवाल कोर्टात पुरावा म्हणून उभा राहत नाही. पाणी कितीही काळं असो. रात्री दोन वाजता नाल्यात रंगीत पाणी सोडणारा कारखाना सापडला आणि घाईत बाटलीवर सही राहिली, तर सगळी मेहनत वाया. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे कोणी शिकवत नाही. पंचनामा कसा लिहायचा, सील कसं लावायचं, नोटिशीत कुठलं कलम घालायचं, हे सगळं वरिष्ठांच्या हाताखाली शिकावं लागतं. या कायद्याचं ३३-अ हे कलम मंडळाला कारखाना बंद करायचे, वीज-पाणी तोडायचे आदेश द्यायची ताकद देतं. एवढी ताकद हातात असताना आधार मात्र त्या एका बाटलीचा असतो.

पाण्याच्या बाबतीत दुसरा प्रश्न असा की किती स्वच्छ केलं म्हणजे पुरे? वरळी आणि वांद्र्याहून मुंबईचं सांडपाणी पाइपाने ३.४ किलोमीटर समुद्रात सोडलं जातं. समुद्र ते पातळ करतो, हा जुना विचार. आता वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप अशा सात ठिकाणी मिळून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करणारी केंद्रं बांधली जात आहेत. त्यांच्या आखणीच्या काळात नियम बदलत गेले. केंद्राने २०१७ मध्ये महानगरांसाठी बीओडीची मर्यादा लिटरला २० मिलिग्रॅम ठेवली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ती १० वर आणायला सांगितलं. आकडा निम्मा होणं म्हणजे टाक्यांचा आकार, हवा फुंकायची यंत्रं, वीज, जागा, सगळंच नव्याने मांडणं. आणि हेही लक्षात ठेवा की आंघोळीला योग्य पाण्याचा बीओडी ३ च्या आत हवा असतो. म्हणजे सगळे नियम पाळून केंद्रातून बाहेर पडणारं पाणीही आंघोळीचं नसतं. नदीत ते मिसळायला वरून स्वच्छ पाणी यावं लागतं, आणि मिठीला पावसाळ्याचे महिने सोडले तर असं पाणी जवळपास नाहीच. म्हणून मिठीची सफाई म्हणजे नुसता गाळ काढणं असं कोणी म्हणालं तर ते मानू नका. तिच्यात येणारी गटारं अडवून केंद्राकडे वळवल्याशिवाय काही होणार नाही.

मिठी १७.८ किलोमीटरची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा अनेक मुंबईकरांना आपल्या शहरात नदी आहे हे कळलं. त्यानंतर नदीसाठी प्राधिकरण नेमलं गेलं, आणि काम वाटलं गेलं: ११.८४ किलोमीटर महापालिकेकडे, ६ किलोमीटर एमएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाकडे. पुराची कारणं शोधायला जी समिती बसली तिचे अध्यक्ष होते माधवराव चितळे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून सिव्हिल इंजिनिअर झालेले चितळे राज्याच्या पाटबंधारे खात्यापासून केंद्रात जलसंपदा सचिवपदापर्यंत पोचले, १९९३ मध्ये त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. एका मराठी सिव्हिल इंजिनिअरची कारकीर्द कुठवर जाऊ शकते याचं मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. नदी, नाला, भरती, उतार, अतिक्रमण आणि हवामान हे सगळं एकत्र ठेवून पाहायची सवय या पेशाला लागते.

सफाईचे पैसे कोण देणार, हा सगळ्यात अवघड प्रश्न. प्रदूषण करणाऱ्याने खर्च द्यावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडीच्या प्रकरणात ठामपणे लावलं. तिथे रासायनिक कारखान्यांच्या गाळाने विहिरींचं पाणी नासलं होतं. अमेरिकेत याची व्यवस्था आधी झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनॉल या वस्तीखाली पुरलेली रसायनं लोकांच्या तळघरांत यायला लागली, १९७८ मध्ये तिथे आणीबाणी जाहीर झाली आणि १९८० मध्ये सुपरफंडचा कायदा आला. तिथे प्रत्येक दूषित जागेला एक सरकारी प्रकल्प व्यवस्थापक असतो: तपासणी, उपायांची निवड, लोकांशी बोलणं, ठेकेदार, जबाबदार कंपनीकडून वसुली, सगळं त्याच्या देखरेखीखाली. या जागी सिव्हिलचे लोक बरेच असतात.

आपल्याकडे दूषित जागांसाठी असे वेगळे नियम जुलै २०२५ मध्ये आले. संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने द्यायची, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग तीन महिन्यांत सविस्तर तपासणी, मग जबाबदार कोण ते ठरवायचं. तो सापडला नाही किंवा त्याला ऐपत नसली तर खर्च केंद्र आणि राज्याने उचलायचा. नियम आले तेव्हा देशात अशा १०३ जागांची नोंद होती आणि प्रत्यक्ष सफाई जेमतेम सात ठिकाणी सुरू झाली होती. डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याला या नियमांतून वगळलं आहे, त्याला घनकचऱ्याचे नियम लागतात. त्यामुळे देवनारसाठी हे नियम दाखवणाऱ्याची फाइल परत येईल. कुठल्या जागेला कुठला नियम लागतो, हे ओळखणं म्हणजे या नोकरीतलं अर्धं काम.

ज्याचं काम संपलंय असं वाटतं त्या गोराईचंही बघा. १९७२ ते २००७ तिथे कचरा पडला. सुमारे २० हेक्टर जागा, २६ मीटर उंच ढीग, बाजूला खाडी आणि तिवरं. तो उपसला नाही. उतार नीट करून, वरून अस्तर आणि माती घालून, मिथेन गोळा करायच्या विहिरी घेऊन तो शास्त्रशुद्ध बंद केला. आज तिथे हिरवळ दिसते. मात्र आतला कचरा आतच आहे. नियमाप्रमाणे बंद केलेल्या भरावभूमीवर निदान पंधरा वर्षं देखरेख ठेवायची असते: वायू, लिचेट, भूजल, वरचं अस्तर. अधिकाऱ्याची बदली दर तीन-चार वर्षांनी होते. म्हणजे एका जागेच्या देखरेखीत चार-पाच अधिकारी बदलतात. पहिल्याने विहिरींचे क्रमांक नकाशावर नीट टाकले नाहीत, तर तिसऱ्याला कुठली विहीर कुठे तेच कळत नाही. म्हणून चार्ज देताना नकाशा, जुने अहवाल आणि अपुऱ्या कामांची यादी नीट सोपवणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. त्याचं नाव कुठल्या फलकावर लागत नाही.

माणसांचा भाग राहिलाच. देवनारच्या ढिगावर कचरा वेचून घर चालवणारी कुटुंबं आहेत, त्यात बायका जास्त. डोंगर हटवायचा म्हणजे त्यांची रोजी हटवायची. मुलुंडचे रहिवासी वासाची तक्रार करतात तेव्हा तेही खरं बोलत असतात. कांजूरमार्गला कचरा जायला लागला तेव्हा विक्रोळी आणि भांडुपकडून तक्रारी आल्या. अधिकाऱ्याला या सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागतं की काय होणार, कधी होणार आणि काय होणार नाही. तांत्रिक शब्दांमागे लपणारा अधिकारी लोकांचा विश्वास एका सभेत गमावतो.

शेवटच्या वर्षात असाल तर दोन-तीन गोष्टी आत्ताच करा. सर्वेक्षण आणि मृदा यांत्रिकी पास होण्यापुरतं शिकू नका. पर्यावरणाच्या प्रयोगशाळेत बीओडीची बाटली स्वतः भरा, मित्राची जर्नल उतरवू नका. १९७४ चा पाणी कायदा आणि घनकचरा नियम मूळ मजकुरातून वाचा, ते वाटतात तेवढे क्लिष्ट नाहीत. कॉलेजचं पत्र घेऊन एखादं सांडपाणी केंद्र बघायला जा. गाइड टाक्या दाखवेल, त्या बघाच. पण नंतर ऑपरेटरच्या खोलीत जाऊन लॉगबुक मागा. आवक किती, जावक किती, बीओडी किती, कुठल्या तासाला पंप बंद होता. पावसाळ्यातली पानं काढा आणि आकडे दर तासाला खरंच बदलतात का ते बघा. बदलत नसतील तर का नाही, हे त्याला नम्रपणे विचारा.